न वाळणारा दोर

दोरवाल्यांच्या घरातली माणसं जन्मभर उलटी चालतात, असं गोदीत सगळे चेष्टेनं म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कमरेला वाखाचा, म्हणजे दोराच्या तंतूंचा, भारा गुंडाळायचा, त्यातला चिमूटभर ओढून समोरच्या चाकाच्या आकड्यात अडकवायचा, आणि चाक फिरू लागलं की बोटांतून वाख सोडत एकेक पाऊल मागे जायचं. समोरचं चाक लहान लहान होत जातं, सूत लांबत जातं, आणि माणूस पाठीनंच शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. शेड तरी केवढी! या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला पत्ता लागायचा नाही. दुसऱ्या टोकाला खिडकी नव्हती, भरदुपारीही तिथं संध्याकाळ असायची. आणि नियम एकच होता, चालताना मागे बघायचं नाही. मान वळली की हात ढिला पडतो, हात ढिला पडला की सुतात फुगवटा येतो, आणि असला दोर कधी ना कधी कुणाच्या तरी जिवावर उठतो.

सून या घरात आली त्याच वर्षी सासऱ्यानं तिला हे शिकवलं. आता सासऱ्याचे गुडघे पार गेले होते. तो स्टुलावर बसून चाक फिरवायचा आणि ती चालायची. तिचा नवरा, धाकटा, जहाजांच्या डोलकाठ्यांवर चढायचं काम करायचा. त्याला पायाखाली जमीन असली की चैन पडायचं नाही. थोरला मुलगा, म्हणजे तिचा दीर, पाण्यात गेला होता. वादळात धक्क्याला जहाज बांधताना दोराचा वेढा त्याच्या पायात पडला आणि दोरानं त्याला जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत ओढून नेलं. दोर मात्र तुटला नाही. तुटला असता तर पोरगा वाचला असता. तो दोर त्यानं स्वतःच वळलेला होता, आणि या घराचे दोर तुटत नाहीत अशी ख्याती होती, काय करता! दोर तेवढा वर आला, देह मिळालाच नाही. घरात त्याचा विषय निघाला की म्हातारा उठून बाहेर जायचा, म्हणून मग विषय निघेनासा झाला.

त्या हंगामात वाखाची वाट लागली. वारं फिरलं, बंदराच्या तोंडाशी गाळ साचला, आणि मालाची गलबतं बाहेरच्या बाहेर दुसऱ्या बंदरांकडे वळू लागली. जे थोडे गठ्ठे आले ते वरून सोन्यासारखे आणि आतून कुजके. नेमकं याच वेळी काम चालून आलं होतं. गाळातून काढलेलं एक जुनं शिडाचं जहाज दुरुस्त करून धक्क्याशी कायमचं उभं करायचं होतं, लोकांना बघायला. संग्रहालयाच्या बाई त्यासाठी येऊन जाऊन असायच्या. चष्मा डोक्यावर ठेवून तो सगळीकडे शोधायच्या, पण मनानं सरळ होत्या.

"डोलकाठीवर माणूस चढवायचा दोर मला हातानं वळलेलाच हवा," बाई म्हणाल्या. "तो उत्तम झाला तर गोदीवाल्यांना ही शेड पाडू देणार नाही मी. संग्रहालयात घेऊ. तुम्ही इथंच काम करत राहायचं, लोक तुम्हाला बघायला येतील."

"आम्हाला? उलटं चालताना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो, का नाही?"

"मग येताना फळं आणायला सांगा. माकडांना आणतात तशी."

बाई हसल्या, सूनही हसली. पण बाई गेल्यावर म्हातारा कितीतरी वेळ शेडच्या खांबांवर हात फिरवत बसला होता. शेड गेली तर हा माणूस महिनाभरही जगायचा नाही, हे तिला तेव्हा स्वच्छ कळलं.

कुजका वाख निवडून काढता काढता सुनेच्या नाकीनऊ आले. दोन पेडांपुरतं सूत कसंबसं निघालं. तिसऱ्या पेडाला वाख नव्हता, आणि दोन पेडांचा दोर म्हणजे निव्वळ थट्टा. ती रात्रभर त्याच विवंचनेत होती. सकाळी शेडमध्ये येऊन बघते तर चाकाशेजारी वाखाचा ढीग! काळपट, मऊ, डांबराचा वास असलेला.

"हा कुठून आला, मामंजी?"

"होता."

"कुठं होता?"

"होता म्हटलं ना. बांध कमरेला."

म्हाताऱ्याची बोटं सुजली होती आणि नखांत काळं बसलं होतं. जुना दोर उकलायला रात्रभर बसलं की हात असे होतात. जुने दोर उकलून फळ्यांच्या भेगांत भरायला सगळेच वापरतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग हा लपवतोय का? पण सासऱ्याची उलटतपासणी घ्यायची या घरात पद्धत नव्हती. तिनं भारा कमरेला बांधला आणि ती दचकलीच. वाख गार होता. नुसता गार नाही, खोल पाण्यातून आत्ताच काढल्यासारखा गार.

चाक फिरू लागलं. ती मागे सरकू लागली. पाऊल टाकलं की जमिनीवर तिच्या टाचेचा आवाज होई, आणि त्यामागोमाग दुसरा एक. आधी तिला वाटलं, शेड मोकळी आहे, आवाज घुमतोय. मग तिनं पाऊल टाकायचं थांबवलं. मागचं पाऊल तरीही पडलं. ओल्या तळव्याचा आवाज होता तो, आणि एक पाय किंचित घासत येत होता. तिच्या पाठीमागे, अगदी हाताच्या अंतरावर, कुणीतरी उलटं चालत होतं.

 तरी तिनं मान वळवली नाही, शाबास तिची. बोटं आपली सूत सोडत राहिली. तिनं समोर, लांब चाकाजवळ बसलेल्या सासऱ्याकडे बघितलं. म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, आणि हसत होता.

सूत संपल्यावर ती गर्रकन वळली. मागे कुणी नव्हतं. खालची धूळ कोरडी ठणठणीत.

तीन पेड एकत्र पिळायला धाकटा आला. त्यानं जोर लावला, म्हाताऱ्यानं पीळ राखला, आणि दोर असा देखणा उतरला की विचारू नका. गोदीचा मुकादम मुद्दाम बघायला आला. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याला हळू बोलताच यायचं नाही.

"वा रे वा!" भोंगा गरजला. "म्हाताऱ्या, हात अजून शाबूत आहेत की तुझे!"

"हात सुनेचे आहेत," म्हातारा म्हणाला. "मी नुसता बसलोय."

दोर शेडमध्ये लांबच्या लांब टांगून ठेवला. कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटत होते, धुणं पिळून टाकावं तर वळून बघेपर्यंत वाळत होतं. तरी दोर मध्यभागी ओलाच. एक हातभर जागा. खाली जमिनीवर थेंब पडून काळा डाग झाला होता. सुनेनं फडक्यानं पुसलं, दुपारी पुन्हा ओलं. तिनं बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट.

"दोराला घाम येतोय," धाकटा जेवताना म्हणाला. "एवढे सगळे जण टक लावून बघतात त्याच्याकडे, लाजला असेल."

"तुम्हाला सगळ्याची चेष्टाच सुचते."

"अगं, डांबर असतं जुन्या वाखात. धरतं ओल."

 दुपारी म्हाताऱ्याची औषधाची बाटली आणायला म्हणून ती उठली आणि शेडमध्ये गेली. ओल्या जागी दोन्ही अंगठ्यांनी पीळ थोडा उघडला. आत काय आहे ते तिला बघायचं होतं. या घरात प्रत्येक जण आपल्या दोरात खुणेचा एक रंगीत धागा घालायचा. दोर कुठंही गेला, कुठंही सापडला, तरी कुणाच्या हातचा ते कळावं म्हणून. तिचा धागा तांबडा. तो होताच. पण तेवढ्याच हातभर जागी, काळपट वाखात अडकलेले, बोटाएवढे तुकडे झालेले दुसरे धागे होते. निळे.

निळा धागा थोरल्याचा.

 गोदीत एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक होती. ज्या दोरानं माणूस घेतला तो दोर पुन्हा कामाला घ्यायचा नाही, उकलायचा नाही, घरात ठेवायचा नाही. तो पाण्याला परत द्यायचा. थोरला गेल्यावर म्हाताऱ्यानं एकट्यानं होडी नेऊन तो दोर खोल पाण्यात सोडला, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. आणि इतकी वर्षं तो याच शेडमध्ये, कुठल्या तरी ताडपत्रीखाली, पडून होता!

आणि मग तिला त्यापुढची गोष्ट आठवली. नवा दोर पहिलं वजन उचलतो ते दोरवाल्याच्या घरच्या माणसाचं. दुसऱ्याच्या पोराला चढवण्याआधी आपलं चढवायचं, हा या धंद्याचा शब्द होता. या दोरावर पहिला चढणार तो तिचा नवरा.

ती तशीच म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, तो दोर तुम्ही पाण्यात सोडलाच नव्हता."

म्हाताऱ्यानं नाकारलं नाही. चिलमीसाठी तंबाखू चोळत होता, ती चोळायची थांबवली.

"नेला होता," तो म्हणाला. "होडीत घातला होता. हात उघडेनात, पोरी. त्याचा हात लागलेली तेवढीच वस्तू होती. बाकी काय राहिलं होतं माझ्याकडे?"

"म्हणून नव्या दोरात घातलात?"

"वाख नव्हता, हे तर खरंच. पण खोटं कशाला बोलू, वाख असता तरी घातला असता. हा या शेडचा शेवटचा मोठा दोर. त्यात तुझा हात, माझा हात, धाकट्याचा जोर. मग त्याचाच का नको?"

"तो शेडमध्ये येतो. माझ्या मागून चालतो."

"येतो ना?" म्हाताऱ्याचा चेहरा इतका उजळला की तिला रडूच कोसळलं. "मला दिसत नाही गं. पण चाल ऐकू येते. डावा पाय ओढायचा तो, लहानपणी पडला होता."

"उद्या ह्यांना त्या दोरावर चढायचंय, मामंजी! त्यानं ह्यांना नेलं तर?"

"भाऊ आहे त्याचा. सांभाळेल."

"त्याला सांभाळायचं कळत असेल का आता?" ती ओरडली. सासऱ्यावर ती पहिल्यांदाच ओरडत होती. म्हातारा पुन्हा तंबाखू चोळू लागला, पण तळहातावर तंबाखू उरलीच नव्हती.

तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. या वेळी त्याला चेष्टा सुचली नाही. तो धक्क्याकडे तोंड करून पायरीवर बसला.

"नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "पाय मुरगळला म्हणा. ताप आलाय म्हणा."

"मग दुसरा कुणीतरी चढेल. त्याला काही झालं तर?"

"मग खरं काय ते सांगू."

"म्हणजे बाबांनी माणूस घेतलेला दोर वळला, हे गोदीभर सांगू? त्यांना मग कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. नको. मी चढतो. वजन पेललं की दोर उतरवू, आणि मग हळूच तेवढा तुकडा काढून टाकू. कुणाला कळायचं नाही."

"आणि नाही पेललं तर?"

"या घराचे दोर तुटत नाहीत," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबला.

रात्री सगळे झोपल्यावर तिनं कंदील उचलला आणि भाजी चिरायची सुरी पदराखाली घेतली. शेड जाईल तर जाऊ दे, म्हातारा जन्मात तोंड बघणार नाही तर न बघो, नवरा तर राहील! ती शेडमध्ये गेली. दोराखाली पोतं अंथरून म्हातारा झोपला होता. एक हात वर करून त्यानं त्या ओल्या जागेवर ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. ती सुरी घेऊन किती तरी वेळ उभी राहिली. मग तशीच परत आली, आणि घरी येऊन स्वतःच्या कपाळावर तिनं हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी. जहाज पाण्यात उतरवून धक्क्याला लावलं होतं. उन्हात नवं डांबर चमकत होतं. दोर डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून ओवून खाली आणला. एका टोकाला बसायची फळी, दुसरं टोक डेकवर ओढणाऱ्या गड्यांच्या हातात. म्हातारा धक्क्यावर खुर्चीत बसला होता. सून डेकवर होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि खाली उतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"ओढा!" भोंगा गरजला.

धाकटा वर गेला. अर्ध्यावर, त्याच्याही वर. ओली जागा कप्पीशी पोचली आणि दोर अडकला.

"ओढा की रे! जेवला नाहीत का?"

गड्यांनी जोर केला. दोर हलेना. मग वरून पाणी यायला लागलं. दोरावरून ओघळत, गड्यांच्या मुठींवरून, कोपरांवरून, भरपूर. आभाळ तर निरभ्र. एका गड्यानं मनगट चाटून बघितलं आणि एकदम हात सोडले. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. सून किंचाळली.

पण धाकटा पडला नाही. कुणीही धरलेला नसताना दोर ताठ उभा राहिला.

"खाली कोण ओढतंय?" वरून धाकट्याचा आवाज आला. "थांबा! थांबा म्हणतो ना, माझा हात जाईल कप्पीत!"

"कोणी नाही ओढत रे!" भोंगा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू म्हणाला.

सुनेची नजर दोरावरून खाली खाली गेली. उरलेल्या दोराचं वेटोळं डेकवर होतं, ते आता नव्हतं. दोर डेकवरून कठड्याला घासत, जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत, काळ्या पाण्यात उतरला होता. आणि ताणलेला होता. डोळ्यांदेखत बोटबोट आत जात होता. फळी तितकीच वर जात होती. डोलकाठी करकरायला लागली.

"मामंजी!" ती ओरडली. "तुम्ही सांगा त्याला! तुमचंच ऐकेल, दुसऱ्या कुणाचं नाही!"

म्हातारा खुर्चीतून उठला. कसा उठला देव जाणे. धक्क्याच्या काठाशी आला आणि त्या गेलेल्या गुडघ्यांवर बसला, मग पोटावर आडवा झाला, आणि फटीत डोकं घातलं.

सून गड्यांकडे वळली. "धरा! तो सोडेल तेव्हा वजन आपल्यावर येणार आहे. धरा ना रे, पाया पडते!" कुणी पुढं येईना, तेव्हा तिनं एकटीनंच दोर धरला. तो बर्फासारखा गार होता, आणि आत काहीतरी धडधडत होतं, की ते तिचंच काळीज होतं, कोण जाणे. मग भोंगा शिव्या देत तिच्या मागे उभा राहिला. मग एकेक करत बाकीचे आले.

म्हातारा पाण्याशी बोलत होता. आवाज चढवून नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसा.

"सोड रे, बाळा. तो धाकटा आहे. वर तुझा धाकटा आहे, त्याला दुखतंय." मग थोडा थांबून म्हणाला, "चूक माझी आहे. मी तुला धरून ठेवलं. तुझी चूक नाही. आता मी सोडतो, तूही सोड. सोड, माझ्या राजा."

क्षणभर काहीच झालं नाही. फटीतलं पाणी हललंही नाही. मग दोर एकदम सैल पडला आणि सगळं वजन सुनेच्या तळहातांवर आलं. कातडी सोलत दोर पुढे सरकला, ती डेकवर फरफटली, पण मूठ उघडली नाही. मागच्यांनी पाय रोवले. दोर थांबला. मग हात हात दोर सोडत त्यांनी धाकट्याला खाली आणलं. तो डेकवर टेकला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता, केसांतून पाणी गळत होतं, आणि दात इतके वाजत होते की त्याला बोलता येईना. सुनेनं त्याला मिठी मारली, एवढ्या लोकांत, खुशाल.

संग्रहालयाच्या बाईंनी काही विचारलं नाही. भोंग्यानंही नाही. म्हाताऱ्यानं स्वतःच सुरी मागितली, निळ्या धाग्यांचा तेवढा भाग कापला आणि फटीत सोडला. तो तरंगायला हवा होता, पण दगडासारखा खाली गेला. उरलेला दोर उन्हात पडला होता, बघता बघता वाळून कडक झाला.

घरी आल्यावर धाकटा पांघरुणं घेऊन झोपला. सून चुलीपाशी बसून तळहातांना तेल लावत होती. म्हातारा समोर येऊन बसला. तिच्या हातांकडे बघितलं, आणि तेलाची वाटी घेऊन स्वतःच लावू लागला. सासऱ्यानं सुनेचे हात असे कधी धरले नव्हते. ती संकोचली, पण तिनं हात काढून घेतले नाहीत.

"त्या दिवशी मी धक्क्यावरच होतो," म्हातारा म्हणाला. "वेढा पायात पडलेला दिसत होता मला. हातातलं टोक सोडलं असतं तर निसटला असता. सोड, सोड, म्हणून गळा फाटेपर्यंत ओरडत होतो. जहाज पलीकडच्या होड्यांवर जाईल म्हणून त्यानं नाही सोडलं."

तेल लावता लावता त्याची बोटं थांबली.

"जिवंतपणी एकदा म्हणून माझं ऐकलं नाही गं त्यानं. आज ऐकलं."

आणि मग, इतक्या वर्षांनी, म्हातारा मोठ्यानं रडला.